काठोकाठ

“मावशी, हात चालवा जरा. रांगेत उभं राहून पायांना मुळं फुटली,” चिमणी म्हणाली.

“फुटली तर बरंच की. निदान हलणार तरी नाहीस,” असं म्हणत मावशीनं तिच्या ग्लासात धार सोडली.

धार बारीक, दोऱ्यासारखी. ग्लास भरत आला की मावशी हातातला जग आणखी सावकाश तिरपा करायची आणि थेंबाथेंबानं पाणी सोडायची. पाणी काठाच्या किंचित वर फुगून यायचं, आता आणखी एक थेंब पडला तर सांडेल असं वाटायचं, आणि नेमका तिथंच तिचा हात थांबायचा. चिमणीनं ग्लास उचलला, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली आणि चालायला लागली. एरवी हिच्या जिभेला हाड नाही, पण ग्लास हातात आला की तोंड शिवल्यासारखं बंद. तांबड्या फरशीचा लांबलचक व्हरांडा ओलांडून तिनं ग्लास पलीकडच्या टेबलावर ठेवला. टेबलामागं बसलेल्या साहेबांनी फरशीवरून नजर फिरवली. त्या फरशीवर थेंब पडला की काळा ठिपका उठतो. ठिपका नव्हता.

“जा,” साहेब म्हणाले.

चिमणीनं दाराशेजारच्या जस्ताच्या पट्टीवर तळहात टेकला, अंगात साचलेली वीज तिथं सोडली आणि आत गेली.

रांगेत सगळ्यात शेवटी मास्तर. बाकीची माणसं आत गेल्याशिवाय आपण जायचं नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. मावशीला तो अलीकडं फार सोयीचा झाला होता, कारण त्यांच्या मागं ग्लासकडं बघायला कुणी उरत नसे. तिनं त्यांचा ग्लास समोर घेतला, धार सोडली आणि काठाखाली बोटभर जागा उरलेली असतानाच हात आवरला. मास्तरांनी घड्याळावरची नजर न काढता ग्लास घेतला. पाणी आतल्या आत हिंदकळलं, काठापर्यंत चढलं, परत खाली बसलं. फरशी कोरडी राहिली.

“जा, मास्तर,” साहेब म्हणाले.

मावशीनं रोखून धरलेला श्वास सोडला. मास्तर तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

या कारखान्यात सुरुंगांच्या टोप्या बनत. खाणीत, रस्त्याच्या कामावर, जिथं म्हणून खडक फोडायचा असेल तिथं त्या जात. टोपी म्हणजे करंगळीएवढी अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यात चिमूटभर पांढरी पूड. त्या पुडीचं कागदोपत्री नाव लेड अझाइड, पण आत काम करणारे तिला नुसतं ‘पांढरी’ म्हणत. ‘पांढरी रुसली’ असं कुणी म्हटलं की पुढचं विचारायची गरज पडत नसे, आणि हिंमतही होत नसे.

नवीन माणूस कामावर आला की साहेब त्याला समोर बसवून पांढरीचा स्वभाव समजावून सांगत. साहेब रसायनशास्त्र शिकलेले, पण बोलणं घरच्यासारखं. “हे अझाइड म्हणजे तीन नायट्रोजन,” ते सांगायचे. “एका ओळीत बसवलेले. नायट्रोजन काही परका नाही, आत्ता तुम्ही श्वासात घेताय तोच. पण तो सुखी असतो दोघादोघांच्या जोडीनं. इथं तिघांना एका बाकावर दाटीवाटीनं बसवलंय. त्यांच्या मनात सारखं एकच, कधी एकदा उठतो आणि हवेत जातो. आता त्यांना शेजार कुणाचा मिळतो, यावर सगळं. सोडियमच्या शेजारी बसले तर गुपचूप बसतात. मिठासारखी पूड, पोटात गेली तर विष, पण खाली पडली तरी काही करणार नाही. शिशाच्या शेजारी बसले की नूर पालटतो. घासलं, आपटलं, ठिणगी दिसली की उठलेच. आणि तांब्याच्या शेजारी...” इथं साहेब थांबायचे. “तांब्याच्या शेजारी त्यांना बसवायचंच नाही. पीस फिरवलं तरी पुरतं.”

“म्हणजे ढवळ्याशेजारी पवळ्याच म्हणा की,” चिमणी पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

“वाण नाही पण गुण लागला, हो, तसंच,” साहेब हसून म्हणाले होते.

मास्तर मात्र हसले नव्हते. साहेबांचं सांगून झालं की त्यांचं सुरू व्हायचं. तांब्यानं पांढरीला शिवावं लागतच नाही, ते म्हणायचे. दमट हवेत पांढरी उसासे टाकते, त्या वाफेतून ती तांब्यापर्यंत चालत जाते, भिंतीतल्या खिळ्यापर्यंतही जाते. म्हणून आत तांबं नाही, पितळ नाही. बोलता बोलता त्यांनी चिमणीच्या सदऱ्याचं पितळी बटण कात्रीनं कापून बाहेर भिरकावलं होतं. पुढं कितीतरी दिवस चिमणी सगळ्यांना सांगत हिंडली, की पहिल्या दिवशी माझा पगार सुरू व्हायच्या आधी माझं बटण गेलं.

आता हे ग्लासचं खूळ कुठून आलं, तेही सांगितलं पाहिजे. फार वर्षांपूर्वी मास्तरांच्या शेजारच्या कोठडीत एक माणूस बसायचा. काम करताना तो गुणगुणायचा, म्हणून त्याला सगळे गवई म्हणत. एका सकाळी तो अंगात ताप असताना कामावर आला. घरी बसावं तर कारण सांगावं लागणार, आणि तापासारखं किरकोळ कारण सांगायची त्याला लाज वाटली. दुपारच्या आधीच भिंतीपलीकडचं गुणगुणणं थांबलं, आणि मास्तरांचा डावा कान त्या दिवसापासून बहिरा झाला. भिंत जाड होती म्हणून मास्तर वाचले. गवईच्या घरच्यांना द्यायला फारसं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरांनीच हा रिवाज घातला. रोज सकाळी प्रत्येकानं काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन व्हरांडा चालायचा. ग्लासकडं बघायचं नाही, समोर बघायचं, कारण ग्लासकडं बघणाऱ्याचा हात हटकून हलतो. थेंब सांडला तर त्या माणसानं उरलेलं पाणी पिऊन टाकायचं, ग्लास टेबलावर पालथा घालायचा आणि बाहेरच्या शेडमध्ये जाऊन खोक्यांना डिंक लावत बसायचं. त्याला ‘का’ म्हणून कुणी विचारायचं नाही, साहेबांनीही नाही. हे ‘का’ नसणं मास्तरांनी मुद्दाम मागून घेतलं होतं.

पाणी कोण भरणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मास्तर म्हणाले होते, “माझी बहीण भरेल.” लहानपणी आई गेल्यावर घरातलं दूध भावंडांना तीच वाटून द्यायची. कुणाच्या पेल्यात थेंब कमी-जास्त व्हायचा नाही. आजारी असेल त्याला नाही, रडेल त्याला नाही, स्वतःला तर नाहीच. “ती काठाखाली भरणार नाही,” मास्तर म्हणाले. तेव्हापासून वाटणी ठरून गेली. साहेब फरशी बघायचे, चालणारा घड्याळ बघायचा, आणि ग्लास बघायचं काम एकट्या मावशीचं.

त्याच मावशीनं थंडी सरता सरता एका सकाळी मास्तरांच्या ग्लासमधून फरशीवर पडलेला थेंब पाहिला. अगदी टेबलापाशी पोचता पोचता पडला. साहेब त्या क्षणी चष्मा पुसत होते. मावशी फडकं घेऊन लगबगीनं पुढं गेली आणि त्या थेंबावर पाय देऊन उभी राहिली. मास्तर आत गेले. तिनं दिवसभर स्वतःची समजूत घातली, की थंडी आहे, बोटं आखडली असतील, एका थेंबानं काय होतंय. पण त्या आठवड्यात डगल्याची बटणं लावताना त्यांची बोटं पुन्हा पुन्हा घसरताना तिनं पाहिली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं त्यांचा ग्लास जरासा कमी भरला, पुढच्या आठवड्यात आणखी जरासा.

तिला काय वाटत होतं? एवढंच, की मास्तरांना शेडमध्ये बसलेलं आपल्याच्यानं बघवणार नाही. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल-बाळ नव्हतं. आत बसणाऱ्या एकूण एकाला पळीनं पांढरी उचलायला त्यांनी शिकवलं होतं. त्या हातांपलीकडं त्या माणसाकडं दुसरं काहीच नव्हतं. हात बरे होतील, एखादं औषध लागू पडेल, तोवर आपण सांभाळून घेऊ, असं ती रोज स्वतःला सांगायची. भिंतीपलीकडं आता चिमणी बसते, मास्तर भरलेला ट्रे खिडकीतून तिच्या हातात देतात, ही गोष्ट मावशी आठवू द्यायची नाही. आठवलीच तर पाण्याचा जग घासायला घ्यायची.

सुट्टीच्या दुपारी ती भावाकडं गेली, तर मास्तर खुशीत होते. दाढी केलेली, खिडकी उघडी, शेगडीवर चहाचं आधण.

“बस, धाकटे. आज चहा मी करतो,” ते म्हणाले.

“सूर्य कुठं उगवला आज?”

“उगवला कुठंतरी. तू बस.”

ते कपबशी घेऊन आले तेव्हा कप बशीत किणकिणत होता. मावशीनं पुढं होऊन ती पटकन हातात घेतली. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. ते तिच्या समोर बसले आणि सदऱ्याची बाही वर सारत म्हणाले, “एक गंमत दाखवू?”

दंडाला चिंधी गुंडाळलेली होती. घट्ट, पदरावर पदर. तिच्या कडेला हिरवट डाग पसरला होता.

“लागलंय काय?”

“लागलंय कुठलं! माझे हात थंडीत कसे झाले होते ते तुला सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग बाजाराच्या तोंडाशी तो हाडवैद्य बसतो ना, त्यानं हे आतलं कडं दिलं. दंडाला बांध म्हणाला, आंघोळीलासुद्धा काढू नको.”

मावशीनं हातातला कप खाली ठेवला. “दादा, तांबं आहे हे?”

“हळू बोल.”

“तांबं घालून तू आत जातोस?”

“तीन पदर चिंधी आहे वर. त्यावर बनियन, त्यावर डगला. आणि माझी बाही वर करून कोण बघणार आहे?”

“अरे, पण वाफेनं जातं म्हणून तूच सांगायचास ना? चिमणीचं बटण कापलंस ना तू?”

मास्तरांनी दुसरा हात त्या चिंधीवर ठेवला, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

“सगळं कळतं मला,” ते म्हणाले. “मीसुद्धा हसलो होतो त्या वैद्याला. पण पहिल्या दिवशी बांधून आलो, मनात म्हटलं, आज सांडणार. नाही सांडलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज. नाही सांडलं. इतक्या दिवसांत एक थेंब नाही, धाकटे! आणि ग्लास भरतंय कोण? तू. कुणी दुसरं भरत असतं तर मला शंका आली असती. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“घरी तर कप वाजतोय तुझा.”

“घरी हात दमलेला असतो. तिथं बरोबर राहतो. ग्लास खोटं बोलत नाही.”

तांबं त्यांच्या दंडावर बांधलं होतं वैद्यानं, पण त्यावरचा विश्वास बांधला होता मावशीनं, रोज बोटभर. तिनं थेंब चोरला नसता तर त्या पहिल्याच दिवशी ग्लास सांडला असता, मास्तरांनी ते कडं काढून गटारात टाकलं असतं आणि वैद्याला चार शिव्या हासडून मोकळे झाले असते. आता सांगावं, की दादा, तुझा हात बरा झालाच नाही, मी पाणी कमी भरत होते. तिनं तोंड उघडलंही. पण समोरचा माणूस कितीतरी दिवसांनी दाढी करून, खिडकी उघडून बसला होता.

“काढून टाक ना ते,” एवढंच ती म्हणाली. “माझ्यासाठी.”

“आणि मग? शेडमध्ये बसू? ज्यांना मी तिकडं पाठवलं, त्यांच्या मांडीला मांडी लावून डिंक लावू?” मास्तरांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “नाही गं. अजून नाही.”

ती उठली. मोरीतून एक फडकं गच्च भिजवून आणलं आणि त्या चिंधीवर हलक्या हातानं गुंडाळलं. एवढं तिला ठाऊक होतं, की तांब्यावर बसलेली पांढरी कोरडी असली की जास्त वाईट.

“ओलं ठेव. सकाळपर्यंत वाळू देऊ नको,” ती म्हणाली.

“तू म्हणजे ना...” मास्तर हसले, पण हात पुढं धरून बसून राहिले. लहानपणी गुडघा फुटला की असेच बसायचे.

घरी जाताना मावशी दोनदा रस्ता चुकली. साहेबांना सांगणं सोपं होतं. पण मग फाटकावर पहारेकरी मास्तरांना थांबवणार, बाही वर करायला लावणार, आणि तांबं आत नेणारा माणूस म्हणून त्यांना बाहेर काढणार. पुढं येणाऱ्या प्रत्येक नवख्याला गवईच्या गोष्टीनंतर मास्तरांची गोष्ट सांगितली जाणार. त्या कारखान्यातून बाहेर पडायचा एकच असा रस्ता होता, जिथं कुणी ‘का’ विचारत नाही. तो त्यांनी स्वतःच घातला होता आणि त्याच्या तोंडाशी तिला उभं केलं होतं. तिला रडू आलं. मग रडण्याचा राग आला.

सकाळी रांग लागली. चिमणीनं आपल्या धाकट्या मुलानं चप्पल कशी विहिरीत टाकली ते सांगून सगळ्यांना हसवलं, आणि ग्लास हातात येताच गप्प झाली. एकेक जण आत गेला. मास्तर पुढं आले.

“ओलं आहे बरं का अजून,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडं नजर लावली.

मावशीनं धार सोडली. बोटभर जागा उरली तेव्हा सवयीनं हात थांबायला आला. तिनं तो थांबू दिला नाही. पाणी काठाला आलं. तिनं जग आणखी तिरपा केला आणि थेंब सोडले, एक, मग एक. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहिलं.

मास्तरांनी ग्लास घेतला आणि पाणी त्यांच्या अंगठ्यावरून ओघळलं.

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी खाली ग्लासकडं पाहिलं. मग मावशीकडं पाहिलं. ती नजर खाली घालणार होती, पण घातली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता. मग त्यांची नजर पाण्याच्या जगाकडं गेली, तिच्या हाताकडं गेली, आणि त्या नजरेत मागचे सगळे ग्लास एकापाठोपाठ एक रिकामे होत गेलेले तिनं पाहिले.

“केव्हापासून?” त्यांनी विचारलं.

“थंडीपासून.”

त्यांनी मान हलवली. ग्लास तिथंच ठेवता आला असता. डोकं दुखतंय म्हणून परत फिरता आलं असतं. पण त्यांनी घड्याळाकडं नजर लावली आणि चालायला लागले. दुसऱ्याच पावलाला पाणी सांडलं. मग प्रत्येक पावलाला सांडत गेलं. तांबड्या फरशीवर त्यांच्या मागोमाग काळे ठिपके उठत गेले, आणि ते ताठ मानेनं, एकदाही न थांबता टेबलापर्यंत पोचले. आत गेलेली चिमणी दाराशी परत येऊन जस्ताच्या पट्टीजवळ उभी होती. तिनं तोंड फिरवलं, रिवाजाप्रमाणं.

मास्तरांनी ग्लास दोन्ही हातांनी धरून उरलेलं पाणी प्यायलं आणि तो टेबलावर पालथा घातला.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या दंडाला तांबं आहे. ओलं ठेवलंय. बऱ्याच दिवसांचं आहे. आता ते तुम्हीच काढा.”

साहेबांचा चेहरा कागदासारखा झाला. पण ते ‘का’ म्हणाले नाहीत.

मागच्या मोकळ्या अंगणात मास्तरांना स्टुलावर बसवलं. बाकीच्यांना लांब पिटाळलं. साहेबांनी तोंडावर जाड काच बांधली, हातांत कातडी मोजे चढवले. “सतत पाणी लागेल,” ते म्हणाले. “बारीक धार. थांबता कामा नये. कोण धरेल?”

“ती धरेल,” मास्तर म्हणाले. तिच्याकडं न बघता म्हणाले.

“मावशी, काही झालं तर...” साहेब बोलता बोलता थांबले.

“धरते,” मावशी म्हणाली.

तिनं धार धरली, दोऱ्यासारखी. साहेब एकेक पदर भिजवून सोडवत होते, जखमेवरची पट्टी सोडवावी तसा. शेवटचा पदर निघाला तेव्हा खाली हिरवं पडलेलं कडं दिसलं, आणि त्या हिरव्यात काळपट, चमकते कण, मिरीच्या भुकटीसारखे. साहेबांनी श्वास आत ओढला. मास्तरांचा हात थरथरत होता. ते डोळे मिटून त्याला आवरत होते आणि तो आवरत नव्हता. मावशीनं मोकळ्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. कड्याच्या टोकांना बांधलेली दोरी कात्रीनं कापली. कडं सुटलं. साहेबांनी ते ओल्या फडक्यातच झेलून शेजारच्या बादलीतल्या पाण्यात सोडलं. त्या पाण्यात साहेबांनी कसली तरी औषधं कालवली होती. पांढरी उरलीसुरली मारायची असली की तीच कालवत.

थोड्या वेळानं बादलीतून बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले.

“काय आहे त्यात?” मास्तरांनी विचारलं. इतकी वर्षं ती बादली पाहून त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“नायट्रोजन. बाकावरून उठले. आता नुसती हवा,” साहेब म्हणाले.

मास्तर ते बुडबुडे संपेपर्यंत बसून राहिले. मग बाही खाली ओढून शेडकडं निघून गेले.

शेडमध्ये त्यांना कुणी काही विचारलं नाही. डिंकाचा ब्रश त्यांच्या हातात हलायचा, खोक्यांच्या कडांबाहेर डिंक पसरायचा, आणि शेजारचा माणूस काही न बोलता तो पुसून घ्यायचा. मावशी रोज ग्लास भरत राहिली. आता रांगेत शेवटी चिमणी उभी राहायची. मास्तरांचा शिरस्ता तिनं आपणहून उचलला होता आणि त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नव्हतं, जे तिच्या बाबतीत नवलच. येता-जाता शेडच्या दारातून भाऊ दिसायचा. तो मान वर करायचा नाही. मावशीला वाटायचं, त्यानं एकदा शिव्या तरी द्याव्यात. पण ज्याची भीती सगळ्यांत जास्त असते, तेच सोसावं लागतं. मास्तर तिच्याशी बोलत नव्हते.

नंतर एका सुट्टीच्या दुपारी तिच्या दारात चपला काढल्याचा आवाज आला. मास्तर आत आले आणि नेहमीच्या जागी बसले. दाढी वाढलेली होती. ती काही न विचारता आत गेली, चहा ठेवला, कपात ओतला. ओतताना तिनं विचार केला नाही, हातानंच केलं. कप अर्धा भरून तिनं त्यांच्यापुढं ठेवला.

मास्तरांनी कपाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“धाकटे,” ते म्हणाले.

“काय?”

“भर.”

ती पातेलं घेऊन आली. तिनं कप पाऊण भरला आणि थांबली.

“काठोकाठ भर.”

तिनं भरला. चहा काठाच्या वर फुगून उभा राहिला. मास्तरांनी या वेळी समोर पाहिलं नाही, कपाकडंच पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तो उचलला. चहा सांडला. बशीत, त्यांच्या मांडीवर, फरशीवर सांडला. ते थांबले नाहीत. कप ओठांपर्यंत पोचला तेव्हा त्यात जेवढा उरला होता तेवढा ते प्यायले.

मावशी हातात फडकं धरून समोर बसली होती. तिनं पुसलं नाही.